सपाट म्हणजे किती सपाट?

वैशाखातल्या एखाद्या दुपारी घाटातून जाताना, वळणावर बॉनेट उघडून उभा असलेला टेम्पो तुम्ही पाहिला असेल. रेडिएटरमधून वाफ उसळत असते आणि चालक झाडाच्या सावलीत इंजिन निवण्याची वाट पाहत बसलेला असतो. पाणी भरले की गाडी पुन्हा चालू लागते. पण आठ-दहा दिवसांनी मिस्त्री सांगतो, "हेड गॅसकेट गेले." नवे गॅसकेट बसवले जाते, पैसे चुकते होतात आणि महिन्याभरात तेही जाते! ज्याचे पोट त्या टेम्पोवर चालते त्याला एकाच कामाचे पैसे दोनदा मोजावे लागतात. गाडी उभी राहिल्यामुळे बुडालेले भाडे वेगळेच.

अशा वेळी दोष पुष्कळदा गॅसकेटचा नसतो. ते ज्या पृष्ठावर बसवले ते पृष्ठच सपाट राहिलेले नसते आणि बसवण्यापूर्वी ते कोणी तपासलेले नसते. या तपासणीला लागते काय? एक सरळ पट्टी, पोलादाच्या काही पातळ पात्या आणि अर्धा तास. पण या साध्या कामामागे तुमच्या पाठ्यपुस्तकातले प्रसरण, दाब, घर्षण आणि थोडी भूमितीही दडलेली आहे. ती आता एकेक करून पाहू या.

गॅसकेटचे काम

घरातला प्रेशर कुकर आठवा. भांडे आणि झाकण दोन्ही धातूची. ती एकमेकांवर कितीही घट्ट दाबली तरी मधून वाफ निसटणारच. म्हणून झाकणात रबरी कडे बसवतात. मोटारीच्या इंजिनाची रचनाही अशीच असते. खालच्या भागाला ब्लॉक म्हणतात. त्यात सिलिंडर असतात आणि सिलिंडरांत दट्टे खालीवर होतात. त्यावरचे झाकण म्हणजे हेड. ब्लॉक आणि हेड यांच्यामध्ये जो पातळ थर असतो तेच हेड गॅसकेट.

कुकरच्या कड्याला फक्त वाफ अडवायची असते. गॅसकेटला मात्र एकाच वेळी तिघांना आपापल्या जागी ठेवावे लागते: सिलिंडरातील जळते वायू, इंजिन थंड ठेवणारे पाणी आणि वंगणाचे तेल. पाणी सिलिंडरात शिरले तर धुराड्यातून पांढरा धूर येतो. पाणी आणि तेल एकत्र झाले तर तेलाला दुधाळ रंग येतो. वायू पाण्यात शिरले तर रेडिएटरमध्ये बुडबुडे दिसतात. अनुभवी मिस्त्री या खुणांवरूनच रोग ओळखतो.

आता दाबाचा हिशोब करू. कुकरात वातावरणापेक्षा दर चौ. सेंमी.ला सुमारे १ किलोग्रॅम एवढा जास्त दाब असतो. पेट्रोल इंजिनात ज्वलनाच्या क्षणी हाच दाब ५० किलोग्रॅमच्या घरात जातो. डिझेल इंजिनात तो याच्या दुप्पट किंवा त्याहूनही अधिक असू शकतो. समजा, सिलिंडरचा व्यास ८ सेंमी. आहे. वर्तुळाचे क्षेत्रफळ झाले सुमारे ५० चौ. सेंमी. म्हणजे हेडला वर उचलू पाहणारे बल ५० × ५० = २,५०० किलोग्रॅम, अर्थात अडीच टन! इंजिन मिनिटाला ३,००० फेरे घेत असेल तर चार फटक्यांच्या इंजिनातील प्रत्येक सिलिंडरात हा धक्का मिनिटाला १,५०० वेळा बसतो.

असे धक्के सोसायचे तर गॅसकेट सगळीकडे सारखेच दाबले गेले पाहिजे. ते थोडेफार दबते आणि लहानसहान उंचसखलपणा भरून काढते, पण किती? कारखानदार आपल्या माहितीपुस्तकात पृष्ठाच्या वाकडेपणाची कमाल मर्यादा देतात. ती बहुधा ०.०५ मिमी.च्या आसपास असते. काही जुन्या इंजिनांत ०.१ मिमी.पर्यंतही चालते. आपल्या डोक्याचा केस साधारण ०.०५ ते ०.१ मिमी. जाडीचा असतो. म्हणजे जवळजवळ अर्धा मीटर लांबीच्या पृष्ठावर केसाच्या जाडीएवढा खळगाही पुष्कळ झाला!

एवढ्याशा फटीने काय बिघडते, असे तुम्ही म्हणाल. अरुंद फटीतून संथपणे झिरपणाऱ्या द्रवाचे प्रमाण फटीच्या जाडीच्या घनावर अवलंबून असते. फट दुप्पट झाली की गळती आठपट होते आणि तिप्पट झाली की सत्तावीसपट. शिवाय वायूंच्या बाबतीत आणखी एक संकट असते. ज्वलनाच्या वेळी त्यांचे तापमान २,००० अंश से.च्या वर जाते. एकदा बारीकशी वाट मिळाली की ते गॅसकेट जाळत ती वाट रुंद करत जातात.

धातू वाकडा का होतो?

कारखान्यातून निघताना ब्लॉकचे पृष्ठ सपाट घासलेले असते. मग पुढे ते वाकडे का व्हावे?

ब्लॉक पुष्कळदा बिडाचा, म्हणजे ओतीव लोखंडाचा असतो आणि हेड बहुधा अॅल्युमिनियमच्या मिश्रधातूचे. बिडाचा रेषीय प्रसरणांक दर अंश से.ला सुमारे ०.००००११ आहे, तर अॅल्युमिनियमचा ०.००००२३. समजा, दोन्हींची लांबी ४५० मिमी. आहे आणि तापमान ३० अंशांवरून ९० अंशांवर गेले.

बिडाची वाढ = ४५० × ६० × ०.००००११ = ०.३० मिमी.
अॅल्युमिनियमची वाढ = ४५० × ६० × ०.००००२३ = ०.६२ मिमी.

म्हणजे दर वेळी इंजिन तापले की हेड ब्लॉकवरून ०.३ मिमी.हून अधिक सरकू पाहते आणि निवले की परत येते. गॅसकेटला ही ओढाताणही सोसावी लागते.

पण नुसत्या सारख्या वाढीने काही वाकडे होत नाही. वाकडेपणा येतो तो तापमानातील फरकामुळे. एक बाजू जास्त तापली की ती जास्त वाढते आणि पट्टी धनुष्यासारखी वाकते. या धनुष्याची त्रिज्या काढण्याचे सूत्र सोपे आहे: धातूची उंची भागिले (प्रसरणांक × दोन बाजूंच्या तापमानांतील फरक). हेडची उंची १०० मिमी. आणि फरक ५० अंश धरला तर त्रिज्या येते सुमारे ८७ मीटर. एवढ्या मोठ्या वर्तुळाचा ४५० मिमी.चा तुकडा आपल्याला सरळच वाटेल. पण लांबीचा वर्ग भागिले आठपट त्रिज्या हे गणित करा. मध्यभागचा फुगवटा ०.२९ मिमी. येतो, म्हणजे मर्यादेच्या जवळजवळ सहापट! ब्लॉक बिडाचा आणि उंच असतो. उंची २०० मिमी. धरून हेच गणित केले तर उत्तर येते ०.०७ मिमी. म्हणूनच हेड लवकर वाकडे होते आणि ब्लॉक सहसा तग धरून राहतो. पण 'सहसा' म्हणजे 'नेहमी' नव्हे, हे ध्यानात ठेवा.

आता कोणी म्हणेल, निवल्यावर धातू पुन्हा सरळ होईलच की! तो मोकळा असता तर झाला असता. पण ब्लॉक आणि हेड बोल्टांनी जखडलेले असतात. पाणी संपले की दोन शेजारच्या सिलिंडरांमधली अरुंद भिंत सर्वांत जास्त तापते. तिला वाढायचे असते, पण सभोवतालचा थंड धातू तिला वाढू देत नाही. मग ती आतल्या आत चेपली जाते. हे चेपणे स्थितिस्थापकतेच्या मर्यादेपलीकडे गेले की ते कायमचे होते. इंजिन निवल्यावर तो भाग आखडतो आणि तेथे खळगा राहतो. घाटातल्या त्या वाफेची खरी खूण हीच.

येथेच दोन सूचना देऊन ठेवतो. तापलेल्या इंजिनाच्या रेडिएटरचे झाकण कधीही उघडू नये. आतले पाणी दाबाखाली असल्यामुळे १०० अंशांच्या वर जाऊनही उकळत नाही. झाकण उघडताच दाब उतरतो, पाण्याचा काही भाग क्षणात वाफ होतो आणि उकळते पाणी तोंडावर उडते. तसेच तापलेल्या इंजिनावर थंड पाणी ओतू नये. एक भाग एकाएकी आखडला तर बिडाला तडा जाऊ शकतो.

पट्टी, पाती आणि सहा रेषा

तपासणीपूर्वी ब्लॉक पूर्ण निवलेला आणि स्वच्छ हवा. जुन्या गॅसकेटचे चिकटलेले तुकडे बोथट खरवडणीने हळूच काढतात. काचकागद किंवा फिरती घासचक्री वापरणे वाईट. त्यातले कठीण कण तेलाच्या वाटांत शिरतात आणि पुढे बेअरिंगे कुरतडतात. जुन्या इंजिनांच्या गॅसकेटांत अॅस्बेस्टॉस असू शकते. त्याचे सूक्ष्म तंतू श्वासाबरोबर फुप्फुसात जातात आणि त्यांमुळे कर्करोग होऊ शकतो. म्हणून असे गॅसकेट ओले करून काढावे. कोरडे खरवडू नये आणि हवेच्या झोताने तर मुळीच उडवू नये.

आता सरळ पट्टी, म्हणजे कारागिरांच्या भाषेत 'स्ट्रेट एज', ब्लॉकवर उभी ठेवतात. कंपासपेटीतली फूटपट्टी येथे चालत नाही, कारण ती स्वतःच वाकते. पट्टीचा ताठपणा तिच्या उंचीच्या घनाच्या प्रमाणात वाढतो. तुमची फूटपट्टी आडवी धरून वाकवा आणि मग कडेवर उभी धरून वाकवून पाहा. फरक लगेच कळेल.

पट्टीच्या खाली फट आहे का, हे 'फीलर गेज'ने पाहतात. चाकूच्या पात्यांसारख्या एकत्र बांधलेल्या या पोलादी पात्या असतात आणि प्रत्येकीवर तिची जाडी कोरलेली असते. ०.०५ मिमी.ची पाती पट्टीखाली शिरली नाही, तर त्या रेषेत पृष्ठ ठीक आहे. ती शिरली तर ०.०६, ०.०८, ०.१० अशी पुढची पाती लावून पाहायची. जी सर्वांत जाड पाती किंचित अडखळत आत जाते, ती फटीचे माप सांगते.

पट्टी एकाच ठिकाणी ठेवून भागत नाही. दोन लांब कडांशी समांतर, दोन आखूड कडांशी समांतर आणि दोन कर्णांवर अशा सहा रेषा तपासतात. सिलिंडरांच्या मधल्या अरुंद भिंतींवरही पाहतात. कर्ण कशाला, असा प्रश्न तुमच्या मनात आला असेल. वहीचा पुठ्ठा दोन्ही हातांत धरून पिळा. त्याच्या चारही कडा सरळच राहतील, पण एक कर्ण वर फुगेल आणि दुसरा खाली दबेल. पीळ पडलेला ब्लॉक कडांवर तपासला तर निर्दोष वाटतो. त्याचे पितळ उघडे पडते ते कर्णांवर! गणिताच्या शिक्षकांना झ = क × क्ष × य या समीकरणाचे पृष्ठ काढून दाखवायला सांगा. क्ष किंवा य स्थिर ठेवले तर सरळ रेषा मिळते; य = क्ष घेतले की परवलय मिळते.

काही डिझेल इंजिनांत सिलिंडरचे अस्तर, म्हणजे लायनर, मुद्दामच पृष्ठाच्या किंचित वर ठेवलेले असते. तेथे पट्टी लायनरवर टेकू न देता तपासणी करावी लागते आणि लायनरची उंची वेगळी मोजावी लागते.

पट्टी तरी सरळ कशावरून?

चिकित्सक विद्यार्थ्याला येथे एक शंका यावी. ब्लॉक सपाट आहे की नाही हे पट्टी सांगते. पण पट्टी सरळ आहे हे कोणी सांगितले? दुसऱ्या पट्टीने? मग ती कशावरून सरळ?

या कोड्याचे उत्तर प्रसिद्ध करण्याचे श्रेय जोसेफ व्हिटवर्थ (१८०३–१८८७) या इंग्रज अभियंत्याकडे जाते. तरुणपणी त्यांनी लंडनमध्ये हेन्री मॉडस्ले यांच्या नामांकित कारखान्यात काम केले होते. १८४० साली ग्लासगो येथे भरलेल्या ब्रिटिश असोसिएशनच्या अधिवेशनात त्यांनी खरे सपाट पृष्ठ कसे तयार करावे यावर निबंध वाचला.

पद्धत अशी. दोन धातूचे पाट एकमेकांवर घासले तर ते एकमेकांशी जुळतील, पण सपाट होतीलच असे नाही. आपल्या देवघरातली सहाण पाहा. चंदनाचे खोड आणि सहाण एकमेकांशी छान जुळतात. मात्र सहाण मध्यभागी खोलगट झालेली असते आणि खोड फुगीर. म्हणून व्हिटवर्थ यांच्या पद्धतीत पाट तीन घेतात. अ हा ब शी जुळवायचा आणि क हाही ब शी जुळवायचा. ब खोलगट असेल तर अ आणि क दोन्ही फुगीर होतील. आता अ आणि क एकमेकांवर ठेवा. दोन फुगीर पृष्ठे जुळणार नाहीत, डगमगतील. एका पाटाला पातळसा रंग फासून ते टेकवले की जेथे रंग उमटतो ते उंचवटे खरवडून काढायचे. अशी फेरी पुन्हा पुन्हा केली की चूक दर वेळी कमी होते. तीनही पाट आपसांत कसेही जुळू लागले की ते सपाट असल्यावाचून दुसरा मार्गच उरत नाही. पीळ लपून राहू नये म्हणून पाट मधूनमधून काटकोनात फिरवतात. आधीच्या कोणत्याही सपाट वस्तूची मदत न घेता सपाटपणा निर्माण झाला! तुमच्या जवळच्या औद्योगिक प्रशिक्षण संस्थेच्या कार्यशाळेत 'सरफेस प्लेट' असते. तिच्या सपाटपणाचे मूळ अशाच तीन पाटांशी जाऊन भिडते.

दुरुस्ती आणि तिची किंमत

वाकडेपणा मर्यादेत असेल तर पृष्ठ स्वच्छ करून काम पुढे न्यायचे. बोल्टाच्या भोकाभोवती धातू वर ओढला जाऊन उंचवटा झाला असेल तर तो बारीक तेलदगडाने घासून काढता येतो. वाकडेपणा मर्यादेबाहेर असेल तर मात्र ब्लॉक यंत्रशाळेत पाठवून त्याचे 'फेसिंग' करावे लागते, म्हणजे यंत्रावर त्याचा वरचा पातळ थर काढावा लागतो. तत्पूर्वी तडे पाहतात. बिडाच्या ब्लॉकचे चुंबकन करून त्यावर लोखंडाची बारीक पूड टाकली की तड्याजवळ चुंबकीय रेषा बाहेर पडतात आणि पूड तेथे गोळा होते. अॅल्युमिनियमला ही युक्ती लागू पडत नाही. त्यासाठी तड्यात मुरणारा रंग वापरतात. नवे पृष्ठ दट्टे ज्याला जोडलेले असतात त्या क्रँकशाफ्टच्या अक्षाला समांतर हवे. आणि ब्लॉकच वाकला असेल तर त्या अक्षाच्या बेअरिंगांची रांग सरळ आहे ना, हेही पाहावे लागते.

पण थर काढणे फुकट पडत नाही. व्यास ८ सेंमी. आणि दट्ट्याची धाव ८ सेंमी. असलेल्या सिलिंडरचे संपीडन गुणोत्तर ९ आहे, असे समजा. म्हणजे दट्टा वर आल्यावर उरणारी जागा १ सेंमी. उंचीच्या सिलिंडराएवढी आहे: (८ + १) ÷ १ = ९. ब्लॉकवरून ०.२ मिमी., म्हणजे ०.०२ सेंमी. काढले, तर गुणोत्तर (८ + ०.९८) ÷ ०.९८ = ९.१६ होते. हा फरक लहान आहे. डिझेल इंजिनात धाव ८.५ सेंमी. आणि उरणारी जागा ०.५ सेंमी. धरा, गुणोत्तर १८ वरून १८.७ वर जाते. शिवाय दट्टा झडपांच्या तेवढाच जवळ येतो. मर्यादेपलीकडे थर काढला तर दट्टा आणि झडप एकमेकांवर आदळू शकतात. म्हणून किती काढायचे हे माहितीपुस्तक ठरवते. काही इंजिनांसाठी थोडे जाड गॅसकेटही मिळते. मर्यादा संपली असेल तर ब्लॉक बदलण्याला पर्याय नाही आणि मालकाला हे स्पष्ट सांगणे हाच प्रामाणिकपणा.

आवळण्यातले शास्त्र

पृष्ठ सपाट झाले, तरी शेवटची परीक्षा उरतेच. बोल्टाची भोके कोरडी हवीत. बंद तळाच्या भोकात तेल किंवा पाणी राहिले आणि बोल्ट आवळला, तर बोल्ट दट्ट्याचे काम करतो. द्रव दबत नाही. पास्कलच्या नियमाप्रमाणे तो सगळीकडे सारखा दाब देतो. तीन टनांचे बल १ चौ. सेंमी.वर आले की बिडाला चीर पडायला वेळ लागत नाही.

तीन टन कोठून आले? १२ मिमी. व्यासाचा बोल्ट ८० न्यूटन-मीटर परिबलाने आवळला, असे समजा. ताण = परिबल ÷ (०.२ × व्यास) या व्यवहारातल्या सूत्राने तो सुमारे ३३,००० न्यूटन येतो, म्हणजे जवळजवळ ३,४०० किलोग्रॅम. यातला ०.२ हा आकडा घर्षणातून येतो. लावलेल्या परिबलाचा बहुतेक भाग घर्षणातच खर्च होतो, म्हणून आटे गंजलेले असले तर पान्यावर आकडा बरोबर दिसतो पण बोल्टात ताण आलेलाच नसतो. या कारणाने आजच्या अनेक इंजिनांत ठरावीक परिबलानंतर बोल्ट ठरावीक कोनातून फिरवतात आणि असे ताणलेले बोल्ट सहसा पुन्हा वापरत नाहीत.

बोल्ट आवळताना सुरुवात मध्यापासून करून बाहेरच्या बाजूला जायचे, तेही दोन-तीन टप्प्यांत. वहीला कागद चिकटवताना तुम्ही मधून कडेकडे हात फिरवता ना? कडा आधी दाबल्या तर फुगा मध्येच अडकतो. तसेच येथेही. काढताना क्रम उलटा: बाहेरून मध्याकडे, आणि इंजिन थंड असतानाच.

करून पाहा

एक जाड काचेचा तुकडा, एक लाकडी फळी आणि एक फरशी घ्या. काचेच्या कडा आधी शिक्षकांकडून घासून बोथट करून घ्या. तिन्हींवर गुण्याची सरळ कड उभी ठेवून तिच्या मागे विजेरी धरा. कडेखालून जेथे प्रकाश डोकावेल तेथे खळगा आहे. वहीच्या कागदाचा कपटा तेथे घालून पाहा. तो साधारण ०.१ मिमी. जाडीचा असतो. शंभर पानांच्या, म्हणजे दोनशे पृष्ठांच्या वहीची जाडी मोजून तिला शंभराने भागले की तुमच्या 'फीलर गेज'चे नेमके माप तुम्हालाच मिळेल. प्रत्येक वस्तूवर सहा रेषा तपासा आणि कर्णांना विसरू नका.

नंतर शिक्षकांबरोबर एखाद्या गॅरेजात जा. हेड उतरवलेले इंजिन दिसले तर मिस्त्रींना विचारा, "पृष्ठ तपासलेत का? किती फट निघाली?" ते तुम्हाला आकडा सांगू शकले, तर त्या टेम्पोवाल्याचे गॅसकेट चांगल्या हातांत आहे असे समजा.